पिवळा झेंडा नव्हता

ब्रश क्रीक, नॉर्थ कॅरोलायना
मंगळवार, ३० सप्टेंबर १९९७

प्रिय दादा,

तू बरा असशील, वहिनीच्या गुडघ्याला उतार पडला असेल, असं धरून चालते. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. मी आहे, आपला धाकटा मर्लही आहे. आईच्या सफरचंदाच्या झाडाला यंदा एवढी फळं धरली की शाळेच्या स्वयंपाकघरात मी पोरांना रोज सफरचंदच खायला घालते आहे. आता मला लांबून बघितलं तरी पोरं पळतात.

रविवारची इथली शर्यत तू टीव्हीवर पाहिलीच असशील. तुमची काळी गाडी जिंकली, आत तुझं इंजिन, मग न बघून कसं चालेल? अभिनंदन. हे मनापासून लिहिते आहे, आणि दोनदा खोडून लिहिते आहे. दोन्ही खरं आहे.

तुमच्या शार्लटमध्ये काय बोलणं चाललंय ते इथवर पोचलं. शूमेट भावंडांनी शर्यत विकली म्हणे. पहिल्या नंबरची, धडधाकट चालणारी गाडी आपण होऊन शर्यतीबाहेर पिटात, दुरुस्तीच्या जागी, आणून उभी केली, थोरल्या भावाच्या मालकाला जिंकवायला. काल किराणा दुकानात गल्ल्यावरची ग्लेना सगळ्यांदेखत म्हणाली, "काय ग लेटा, घरावर नवं छप्पर घालताय वाटतं?" तोंडाला येईल ते बोलायची माझी ख्याती, पण काल मी पीठ तिथेच ठेवून घरी आले.

तुलाही तसंच वाटत असेल तर वाटू दे. पण आधी नीट ऐकून घे.

बाबांच्या लाकडाच्या गिरणीमागची शेड आठवते ना? तू इंजिन उघडून बसलेला, मर्ल गाडीखाली, आणि मी दोघांच्या नावाने शंख करत जेवण आणून देणारी. पुढे नियम निघाला की प्रत्येक ड्रायव्हरला वरून रेडिओवर वाट सांगणारा माणूस हवा. तेव्हा तू म्हणालास, "लेटाला प्रेक्षक गॅलरीच्या छतावर उभं करा. तिचा आवाज तसाही डोंगरापलीकडे जातो." आणि मला बजावलंस, छतावरून खोटं कधी बोलायचं नाही. आत बसलेल्याला बाजूचं काही दिसत नसतं. मी 'मोकळा' म्हटलं की तो डोळे झाकून स्टिअरिंग फिरवणार.

काय दिवस होते रे ते! इथे ब्रश क्रीकला पहिल्यांदा जिंकलो आणि त्या मांस विकणाऱ्या हॅमवाल्या कंपनीने पैसे देऊन गाडीवर स्वतःचं नाव रंगवलं. मग त्या मोठ्या ट्रॅकवर दुसरे आलो, सगळ्या श्रीमंतांच्या नाकावर टिच्चून. मासिकात तिघांचा फोटो आला. मर्लची टोपी वाकडी आणि तू कॅमेऱ्याऐवजी इंजिनाकडे बघतोयस. तो फोटो अजून फ्रिजवर आहे.

मग काळ्या गाडीवाल्यांनी तुला बोलावलं. तू ते सांगायला नेमका सणाच्या जेवणाचा मुहूर्त शोधलास, टर्की कापायच्या आधी. मर्ल म्हणाला, "जा की मग. दार उघडंच आहे." तू उठलास. बाहेर तुझी गाडी अंगणात चालू करून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलास. आम्ही दोघं खिडकीत उभे होतो, आणि आमच्यातलं कोणी बाहेर आलं नाही.

त्यानंतरचं काय सांगू? इंजिनं उसनी आणायची. श्रीमंतांनी वापरून टाकलेले टायर घालायचे. हॅमवाले गेले, त्यांच्या जागी बॉनेटवर वायली न्हाव्याचं नाव आलं. चाकं बदलायला चर्चचा पियानोवाला आणि शाळेच्या बसचा ड्रायव्हर, दोघंही फुकट. निम्म्या ठिकाणी तर शर्यतीत शिरायलाच मिळायचं नाही. गाडी जशी ट्रेलरवर चढवून न्यायचो तशीच परत आणायचो. मर्ल म्हणायचा, "ताई, पुढच्या वेळी." मी म्हणायची, "हो रे बाबा, पुढच्या वेळी."

आता रविवारचं लिहिते. दोन दिवस झाले तरी माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

शर्यत संपत आली होती. पुढच्या गाड्या वळणावर एकमेकींत घुसल्या, धुराचा लोट उठला. मी ओरडले, "वर! भिंतीच्या बाजूने वरच राहा!" आणि आपला मर्ल त्या धुरातून असा निघाला की सगळी माणसं उभी राहिली. आपली गाडी पहिली होती, दादा! छतावर दुसऱ्या टीमची माणसं माझ्या पाठीवर थापा मारत होती. धोक्याचा पिवळा झेंडा दाखवला, गाड्या वेग ठरवणाऱ्या पेस कारमागे रांगेने सावकाश फिरू लागल्या. आणि माझ्या कानात मर्लचा आवाज आला, नेहमीसारखा शांत.

"ताई, माझ्या पुढे कोण आहे ग?"

मला वाटलं थट्टा करतोय. पेस कार त्याच्या नाकासमोर होती, टपावरचे पिवळे दिवे लुकलुकत होते.

"पेस कार," मी म्हटलं.

"आणि तिच्या पुढे?"

"कोणी नाही. तू पहिला आहेस."

"असं होय." मग म्हणाला, "ऊन येतंय डोळ्यांवर."

दादा, आभाळ गच्च भरलेलं होतं. उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता.

मी तशीच उभी राहिले. एकेक आठवायला लागलं. ट्रक चालवायला तो हल्ली मलाच सांगायचा, मी म्हणायची आळशी झालाय. पाद्रीबाबांनी पुढे केलेला हात त्याने धरला नाही, मी घरी येऊन त्याला उद्धटपणाबद्दल झापलं. शर्यतीत मला सारखं विचारायचा, आता कुठे, आता कोण, आणि मी खूश, की माझ्यावाचून याचं पान हलत नाही! रेडिओवर उघड विचारणार तरी कसं? निम्मी माणसं कानाला यंत्र लावून आमचं बोलणं ऐकत असतात.

"मर्ल, ठीक आहेस ना?"

"तू बोलत राहा, ताई. तू बोललीस की दिसतं मला."

मी रेडिओ दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

शर्यत पुन्हा सुरू करायचा हिरवा झेंडा दाखवला. मी बोलत राहिले. खाली एक, खालीच, मोकळा, पुढे हळू गाडी, वरून काढ. मागे तुमची काळी गाडी चिकटलेली, आत ते बावीस वर्षांचं पोर. एका वळणावर मला श्वास घ्यायला क्षणभर थांबावं लागलं. तेवढ्यात आपली गाडी सरळ भिंतीकडे निघाली. मी किंचाळले, तो वळला. भिंतीला नुसता रंग घासला.

मग मी म्हटलं, "पिवळा. पिवळा झेंडा, मर्ल. खाली ये. पिटात ये."

झेंडा हिरवाच होता.

गाडी खाली उतरली, वेग कमी झाला, आणि मी बोलत बोलत त्याला आपल्या जागेवर आणलं. तुमचं पोर सुसाट पुढे गेलं. लोक शिट्ट्या मारत होते, डबे फेकत होते. अशी ही विकलेली शर्यत.

ट्रेलरमागे मी त्याच्या कानाजवळ हात धरला. "बोटं किती?" तो हसला आणि म्हणाला, "हात कुठे आहे ते तरी सांग." त्यानंतर तो माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. काल मी त्याला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तिथेही जे काय ते डॉक्टरशी. काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच, डाव्याने नळीतून बघावं तेवढंच उरलंय. दर वर्षीच्या तपासणीत सुटला कसा म्हणशील, तर आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या भिंतीवर अजून तोच अक्षरांचा तक्ता आहे. त्याला पाठ आहे. तुला-मलाही पाठ असेल. आणि बाबांचे डोळे गिरणीच्या भुशाने गेले असं आपण म्हणत आलो ना, ते खोटं. हे घराण्यातच आहे. तू स्वतःचे डोळे दाखवून घे. माझे मी दाखवले.

पुढच्या रविवारी मोठ्या ट्रॅकवर नाव दिलेलं आहे. आज तो शेडमध्ये चाचपडत गाडीचं तेल बदलत होता. मी छतावर येणार नाही म्हणून सांगितलं, तर त्याने वायली न्हाव्याला विचारलं. वायलीला! तो वस्तरा धरूनही दुसरीकडे बघत असतो. मर्ल मरणार, दादा, आणि मला ते रेडिओवर ऐकावं लागणार. त्याने कोणाचं ऐकलं तर फक्त छतावरून, आणि तिथूनच मी त्याला फसवलं. आता माझं कशाला ऐकेल?

म्हणून तुला विचारते, तू इंजिनाचा माणूस. आत बसलेल्याला बाकीच्या गाड्यांनी वेग सोडला की नाही ते आवाजावरून कळतं का रे? म्हणजे माझं खोटं त्याला तिथेच कळलं असेल का? मला दुसरं काही सुचत नाही. उत्तर लवकर दे.

बुधवार सकाळ

पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं.

सकाळी मी बिस्किटांचं पीठ मळत होते. मर्ल आला, खुर्ची चाचपून बसला. आणि काखेतली वस्तू टेबलावर ठेवली, पिठाच्या डब्याला लागून. गाडीचं स्टिअरिंग. काढून आणलं होतं.

"रविवारी पिवळा झेंडा नव्हता," तो म्हणाला.

माझे हात पिठातच राहिले. "नव्हता."

"माहीत आहे मला. मागे दादाचं इंजिन होतं. दादाचं इंजिन पाय काढला की आधी गुरगुरतं, मग खाली बसतं. झोपेतसुद्धा ओळखीन मी. त्या पोराने पाय काढलाच नव्हता, ताई. कोणीच काढला नव्हता."

"मग आलास कशाला?"

"तू बोलावलंस म्हणून."

मी रडले, दादा. पिठाच्या हातांनी तोंड झाकून भोकाड पसरलं. तो मला शोधत उठला आणि माझ्याऐवजी फ्रिजलाच धडकला. मग आम्ही दोघंही हसलो. "आपल्या मनाने थांबायला जमत नव्हतं ग. आता थांबलो," असं म्हणाला, आणि मग, "दादाचं इंजिन काय सुरेख चाललंय, नाही?"

त्या दिवशी तू अंगणात गाडी चालू ठेवून बसला होतास तेव्हा मी नुसती खिडकी उघडली असती तरी माझा आवाज तुझ्यापर्यंत आला असता. एवढा मोठा आवाज, आणि नेमकी तेव्हा माझी वाचा बसली. आता हाक मारते. ये. मर्लला विचारून लिहिते आहे, तो समोर बसून ऐकतोय.

खाली कोणी नाही, वर कोणी नाही, रस्ता मोकळा आहे. आणि या वेळी मी खोटं बोलत नाही.

छतावरून उतरलेली,
तुझी लेटा