एल्पीदियोसाहेबांची वामकुक्षी आणि बाबांच्या फिती

ती. तोमासा आत्या,

हात जोडून आशीर्वाद मागते. (तो टपालानेही पोचतो असं धरून चालते.) तुमचा गुडघा कसा आहे, नदीचं पाणी अंगणापर्यंत आलं का, आणि बोकड अजून शेजारणीचे कपडे खातो का, ते कळवा. इकडे मी ठीक.

बंदरावरच्या तस्करीच्या तपासाचे कागद आणि फोनच्या ध्वनिफिती खुल्या करायच्या की नाहीत, यावर परवा संसदेत मतदान झालं. रेडिओवर ऐकलंच असेल. पण रेडिओवाले सज्जात बसतात आणि मी मतदानाच्या यंत्रापाशी, म्हणून मुद्दाम लिहिते. साऱ्या देशाला त्यातून मंत्र्यांची नावं हवी आहेत. मला काय हवं ते तुम्हांला ठाऊक आहे. बाबा बंदरात क्रेन चालवायचे, म्हणून पोलिसांनी त्यांचाही फोन चोरून ऐकला. हाती काही लागलं नाही. बाबा गेले, आणि त्यांचा आवाज आता फक्त त्या फितींवर आहे. (सभागृहात कोण कधी शिंकलं तेसुद्धा माझ्याकडे ध्वनिमुद्रित आहे. घरचं काही नाही.)

आमच्याकडे नको असलेला ठराव कुणी पाडत नाही. उठून बाहेर जातात. गणपूर्ती मोडली की बैठक संपली, आणि कुणाच्या अंगाला डाग नाही. हा ठराव असाच आधी दोनदा व्हरांड्यात मेला होता. परवाही जेवणानंतर घंटा झाली तशी सरकारपक्षाची मंडळी थंडगार तेरेरे पिण्याचे थर्मास काखोटीला मारून निघाली. विरोधक बसूनच होते; सरकारपक्षातले मागे राहिले फक्त एल्पीदियोसाहेब. ते वामकुक्षी घेत होते. त्यांना उठवायचं म्हणजे त्यांच्या वडिलांनी गाजवलेली लढाई पहिल्या गोळीपासून ऐकायची, म्हणून सगळे चवड्यांवर चालत गेले. पण आसनावर बसलेला माणूस हजर धरायचा, जागा असो वा झोपलेला, हा नियम त्यांच्याच पक्षाने केलेला. नेमक्या त्या एका माणसाने गणपूर्ती झाली. मतदानाची घंटा वाजली, साहेब दचकले आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं. (ते नेहमी हिरवंच दाबतात. त्यांच्या आसनावरचं लाल बटण अजून नवं आहे.) फलक हिरवा झाला.

त्यांच्या पक्षाचा प्रतोद ओव्हेलार धापा टाकत माझ्याकडे आला.

“पोरी, त्या आसनाची तार बिघडलीय ना?”

“नाही साहेब. सकाळीच तपासली.”

“मग दुपारी बिघडली असेल!”

“यंत्र तसं म्हणत नाही.”

यंत्र ठीक म्हटल्यावर ओव्हेलारपुढे एकच वाट उरली. तो सभापतींकडे वळून ओरडला, की म्हातारा झोपेत होता! झालं.

“मी झोपेत?” एल्पीदियोसाहेब उभेच राहिले. “अरे, तुझ्या बारशाला जेवलोय मी! पूर्ण विचार करून दाबलंय. हे बघ, परत दाबतो!”

आणि परत दाबलं. ठराव मंजूर झाला. सभागृह रिकामं झाल्यावर ते माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, “काय गं, कशावर होतं?” मी सांगितलं. बाबांचंही सांगितलं. “मग बरं झालं,” म्हणाले, आणि लढाई सुरू केली. मी शेवटपर्यंत ऐकली.

तुमची,
नीदिया

ता. क. – ठरावात ऐनवेळी एक दुरुस्ती घुसली आहे. तपासाशी संबंध नसलेली घरगुती बोलणी पुसून टाकणार. फोनवर पलीकडे असलेल्या माणसाने स्वतः समितीपुढे येऊन “राहू द्या” म्हटलं, तरच ती घरच्यांना मिळतील. बाबांच्या पलीकडे बहुतेक वेळा तुम्हीच होता.

पुन्हा ता. क. – हे पत्र टाकायच्या आधीच तुमच्या मुलाला फोन करून दुरुस्तीचं सांगितलं होतं; तुम्ही येणार नाही म्हणालात, असं त्याच्याकडून आत्ताच कळलं. पाद्रीबाबांबद्दल आणि माझ्या आईच्या हातच्या चिपा पावाबद्दल तुम्ही फोनवर काय काय बोललात, ते ऐकण्यात मला रस नाही. (चिपाबद्दलचं आईला ठाऊक आहे. ती म्हणते, येऊ देत, यंदा चीज जास्त घालते.) मंत्र्यांची नावंसुद्धा पुसली तरी माझी हरकत नाही. बाबा फोन उचलून आधी “कोण?” म्हणून खेकसायचे, आणि आपण नाव सांगितलं की म्हणायचे, “हां, तू होय!” तेवढं “तू होय” मला हवं आहे, मग ते तुम्हांला म्हटलेलं का असेना. समिती गुरुवारी बसते. आत्या, या.