रविवारच्या संथेची सोय

मी, सूर्यकांत भास्कर पुराणिक, वय वर्षे ५७, व्यवसाय वार्ताहर, राहणार वसुंधरा एन्क्लेव्ह, दिल्ली, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा धाकटा भाऊ उल्हास याला तो पुरेसा वाटणार नाही, पण कायद्याला वाटतो.

१. बँकेतील शिल्लक पुण्याची थोरली बहीण अलकनंदाताई हिला द्यावी.

२. माझा काळा कोट आमच्या माजी संपादकांना द्यावा. "पुराणिक, तुमचं इंग्रजी पाठशाळेतलं," असे म्हणून ते वकिलातींच्या बातम्या दुसऱ्याला देत. कोट सरोजिनी नगरच्या बाजारातला आहे; त्यांना तो विलायती वाटे. वाटू द्यावा.

३. राहता फ्लॅट उल्हासला द्यावा. अट एकच: पुढची खोली दर रविवारी चार ते सहा माझ्या वर्गासाठी मोकळी राहील.

वर्ग कसला, हे कोर्टाला कळावे म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाची बातमी करायला गेलो असता हजार वर्षांपूर्वीचे इंग्रजी प्रथम कानी पडले. त्याला संस्कृतासारख्या विभक्ती होत्या, 'आपण दोघे' म्हणायला वेगळे सर्वनाम होते. सभागृहातले कॉन्व्हेंटवाले एकमेकांकडे पाहत होते आणि मी मनाने लहानपणीच्या वाईच्या पाठशाळेत परत जाऊन बसलो होतो. हल्ली ही भाषा पुष्कळ लोक हौसेने शिकतात; मीही शिकलो आणि घरी वर्ग काढला. आमची रीत मात्र संथेची: एक ओळ मी म्हणायची, तीच सगळ्यांनी दोनदा म्हणायची, अर्थ मागाहून.

खालच्या मजल्यावरच्या मिसेस चोप्रांना हे वेदपठण वाटले. त्या दाराशी केळी ठेवू लागल्या. "पंडितजी, बेटे के इंटरव्यू के लिए भी कुछ पढ़वा दीजिए." मी खरे ते सांगितले. "अच्छा, अंग्रेजी है? फिर तो और भी अच्छा." केळी चालू आहेत.

उल्हासचे मत निराळे आहे.

"दादा, यार, ही भाषा आता बोलतं कोण?"

"कोणी नाही. म्हणून तर चुका काढायला कोणी येत नाही."

"मग तू गेल्यावर त्या खोलीत पेइंग गेस्ट ठेवतो मी."

तो हे थट्टेत म्हणाला नव्हता, म्हणून ही अट. त्याने वर्ग बंद पाडला तर फ्लॅट अलकनंदाताईकडे जावा. ती दिल्लीला राहायला येईल आणि रोज उल्हासला त्याचे वजन, रक्तदाब आणि पगार विचारील.

४. माझी सर्व पुस्तके आणि संथा देण्याचे काम मीनाक्षी संपतराव जगदाळे हिच्याकडे जावे. ती दिल्ली छावणीतल्या, मूळच्या साताऱ्याच्या सुभेदारांची मुलगी. मुनिरक्यात खोली घेऊन राहते, संशोधन करते. दिल्लीत वाढल्यामुळे 'संथा' हा शब्दच तिला ठाऊक नव्हता. आता ती नवीन आलेल्यांना तो समजावते, तोही हिंदीत. मागच्या रविवारी तिला माझ्या खुर्चीवर बसायला सांगितले.

"नको सर. माझे उच्चार साताऱ्याचे आहेत."

"त्या इंग्रजांचे तरी कुठे लंडनचे होते?"

हसली, पण बसली नाही. वर्ग अडखळला की सगळे माझ्याकडे नाही, तिच्या ओठांकडे पाहतात. हे तिने पाहिलेले नाही. मी पाहिले आहे.

५. मृत्युपत्र मरणानंतर अमलात येते, असे माझे वकील राजाभाऊ बजावतात. कलम चारपुरते मला ते मान्य नाही. ते कलम परवाच्या रविवारपासून लागू समजावे. चार वाजता मीनाक्षीने खुर्चीवर बसावे. मी सतरंजीवर, इतरांच्या रांगेत बसेन. संध्याकाळी मला इस्पितळात दाखल व्हायचे आहे, म्हणून उजळणीत वेळ न घालवता तिने नवी ओळ द्यावी, आणि लांबलचक द्यावी. तिथे पडल्या पडल्या पाठ करीन. घरी आलो की सर्वांसमोर माझ्याकडून म्हणवून घ्यावी, आणि चुकलो तर सोडू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही: सूर्यकांत भास्कर पुराणिक

साक्षीदार:
१. ॲड. राजाभाऊ टिपणीस
२. डॉ. सुमित्रा गुर्जर

दिल्ली, शुक्रवार, १० फेब्रुवारी २०२३