गोड्या पाण्याची टाकी

मु. धामणखेड, ता. बाळापूर
१० जानेवारी २०१६

ती. माणिकबाईस,
महादेवचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहितो. मनकर्णाला जाऊन दोन महिने झाले. बंडू नोकरीच्या गावी असतो. घरात मी आणि सूनबाई आरती. ती वेळेवर जेवायला वाढते. मी फारसं बोलत नाही, तीही आग्रह करत नाही.

एका गोष्टीसाठी तुझी परवानगी हवी आहे. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी तुला ठाऊकच आहे. किडनीच्या आजाराने तीन वर्षांत गावातले सात जण गेले, त्यांत आपली मनकर्णा. पूर्वी पाऊस पुरवून पुरवून पडायचा. आता चार दिवसांत कोसळतो आणि वाहून जातो. तो टिनांवरून टाकीत धरायचा, असं आरतीच्या बचत गटाने ठरवलं आहे. प्यायला वर्षभर पुरेल, उरलं तर परसात वांगी-मिरची होईल. पुण्याची एक संस्था गावाने शोधलेल्या अशा उपायांना निधी देते. त्यांची माणसं एप्रिलमध्ये येतील. तोवर एक टाकी उभी दिसली पाहिजे, आणि गावात सगळ्यांत मोठं छत आपलं आहे.

पण वर्ष झाल्याशिवाय शोकाच्या घरी बांधकाम काढत नाहीत. थोरली बहीण म्हणून आता घरात मोठी तूच. तू नको म्हणालीस तर मी आरतीला तसं सांगेन.

पत्राची वाट पाहतो. तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझा,
महादेव

राजापेठ, अमरावती
१९ जानेवारी २०१६

चि. महादेवले अ. उ. आ.

तुह्यं पत्र भेटलं. चष्मा लावून मीच वाचलं, नातीले हात लावू देल्ला नाही.

खरं सांगतो, आधी रागच आला. सासूले जाऊन दोनच महिने झाले अन् सून गवंडी बलावते, लोक काय म्हणतीन? चार दिवस तुले उत्तर लिहिलं नाही. मंग आठवलं. परवाच्या साली दिवाळीले मनकर्णा इथं आली होती, तवा नळाचं गिलासभर पाणी पेली अन् मले म्हणे का बाई, तुमी लोकं रोज असं पाणी पेता? मी हासली होती. आता हासू येत नाही.

तवा खोली बांधू नको, ओटा बांधू नको. पाणी धरायले मनाई नाही. कोणी काही म्हटलं त माह्यं नाव सांग. माह्यासंग भांडाले अमरावतीले या लागन, तेवढा दम कोणात आहे ते पाहू.

अन् तू गुमान बसत नको जाऊ. शाळेत पोरांले बोला बोला म्हणे, अन् आता स्वतःच मुका झाला.

आरतीले माह्ये आशीर्वाद. तब्येत सांभाळजो, दोन घास जास्त खाजो.
तुही,
माणिकबाई

धामणखेड
२४ फेब्रुवारी २०१६

ती. माणिकबाईस,
सा. न. वि. वि.

टाकी बांधून झाली, पण कळवायला वाईट वाटतं. पंधरा दिवसांनी पाणी भरलं तर भिंतींना ओल आली, पांढरे थर सुटले आणि दोन जागी तडे गेले. शेजारचा चंद्रभान पारावर सगळ्यांसमोर म्हणाला की वर्षाच्या आत बांधलं म्हणून मनकर्णाबाई रागावल्या. मी खाली मान घालून घरी आलो.

आरतीने तो पांढरा थर बोटाने खरवडला आणि चाखून पाहिला. मीठ होतं. डोमाजी मिस्तरीने सिमेंट आपल्याच विहिरीच्या पाण्यात कालवलं होतं आणि पाणीही तेच मारलं होतं. तीस वर्षं तो अशीच घरं बांधत आला. त्याला कोणी अडवलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवलं, मीही नाही.

डोमाजी म्हणतो, वरून गिलावा करू, पावसाळ्यापर्यंत पाहुण्यांना समजणार नाही. आरती म्हणते, फोडायची आणि गोड्या पाण्यात पुन्हा बांधायची. पण गोडं पाणी म्हणजे नळाचं, आणि नळ दहा दिवसांनी येतो. गटातल्या बायकांना प्यायच्या पाण्यातून काढून द्यावं लागेल. शिवाय चंद्रभानचं बोलणं मनातून जात नाही. तू म्हणशील तर इथेच थांबवतो.

चूकभूल पदरात घे.
तुझा,
महादेव

राजापेठ
३ मार्च २०१६

चि. महादेवले अ. उ. आ.

मनकर्णा चाळीस वर्षं तुह्यासंग राहिली अन् तुह्यावर रागावली नाही. थे आता टाकीवर काहून रागावन? चंद्रभानले सांग, भुताच्या आंगातून मीठ निंघत नसते.

फोड म्हणतो मी. पण पाहुण्यायपासून काही लपवू नको. लपवलेली टाकी बी गळतेच.

मले पुढचं लवकर कळव. जीव लागून राहिला.
तुही,
माणिकबाई

धामणखेड
२० एप्रिल २०१६

ती. माणिकबाईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी टाकी फोडली. पहिला घाव डोमाजीने घातला. नंतरच्या तीन पाळ्या नळ आला तेव्हा गटातल्या बावीस जणींनी आपापल्या वाट्यातल्या पाण्याचे गुंड भरून आणून आमच्या अंगणात रिते केले. तेवढे दिवस घराघरांत स्वयंपाक खाऱ्या पाण्याचा झाला. तूर शिजेना. घरच्या माणसांनी कुरकुर केली, तर त्यांना उत्तर मिळालं की दात आहेत ना, चावा. ओली पोती टाकीभोवती गुंडाळून आरती दिवसातून चारदा हात लावून पाहायची. या वेळी पाणी भरलं तेव्हा बाहेरून सगळं कोरडं राहिलं.

संस्थेचे तिघे जण ठरल्याप्रमाणे आले. नवी टाकी दाखवायच्या आधी आरतीने त्यांना जुन्या टाकीच्या तुकड्यांचा ढीग दाखवला. मला वाटलं, आता निधी गेला. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं की हीच चूक बाकीच्या घरी होणार नाही कशावरून. आरतीने सांगितलं की अर्जात पहिली मागणी आता सिमेंटची नाही, बांधकामाला लागणाऱ्या गोड्या पाण्याची आहे. डोमाजी न विचारता उभा राहिला. तीस वर्षं लोकांच्या भिंती का पोपडे धरतात ते आपल्याला या पोरीमुळे कळलं, असं तो म्हणाला. त्या बाईंनी ते उतरून घेतलं.

काल मंजुरीचं पत्र आलं. बावीसही घरी पावसाळ्याआधी टाक्या होतील. शेजारच्या गावांतल्या मिस्तऱ्यांना डोमाजी शिकवणार आहे. चंद्रभानच्या बायकोचं नाव यादीत चौथं आहे.

मनकर्णाला हे पाहायला मिळालं नाही, ते मनात राहील. एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे. पाहुणे निघताना त्यांनी मला, आपण कोण, म्हणून विचारलं. आजवर मी सगळ्यांना मास्तर म्हणूनच सांगत आलो. त्या दिवशी म्हटलं, मी आरतीचा सासरा.

पावसाळ्यानंतर चार दिवस राहायला ये. ओंजळभर का होईना, इथलं पाणी पिऊन जा.
तुझा,
महादेव