भेगेवरची काच

दि. ११ जानेवारी

चि. शंकोबास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं खुशालीचं पत्र मिळालं. खुशाली एका ओळीत आणि तक्रारी दोन पानं, त्यावरून तू ठणठणीत आहेस हे कळलं. खाणीत फोनला रेंज फक्त वरच्या कडेला येते आणि तिथे उभं राहायला मनाई करणारा फलक तूच लावलास, हे वाचून तुझे भावोजी इतके हसले की चहा सांडला. लहानपणी खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय तू बसायचा नाहीस, म्हणून तर बाबांनी तुझं नाव शंकोबा पाडलं. त्याच खोडीचा आता कंपनी पगार देते. नशीब एकेकाचं.

इकडची बातमी म्हणजे माझ्या शिवणाच्या दुकानाचं रूप पालटतंय. कापडाचे तागे ठेवायला जागा नाही म्हणून मी कुरकुर करत होते, ती निवृत्तीनंतर ह्यांनी मनावर घेतली. दुकान आणि मागची खोली यांच्यामधल्या जाड भिंतीत एकाला एक लागून खोल कोनाडे कोरायला घेतलेत. उंची एवढी की तागा उभा राहतो. हातात छिन्नी आली की ह्यांना जेवणाचं भान राहत नाही. घरभर विटांचा भुगा आहे. परवा एका गिऱ्हाइकाचा काळा कोट विटकरी होऊन गेला, आणि रंग छान दिसतो असं मला तोंड वर करून सांगावं लागलं.

आई वरच्या खोलीत मजेत आहे. मजेत म्हणजे जिना चढवत नाही, गुडघे बोलतात, मला खाली आणा, हे पालुपद रोजचं. पण मागच्या खोलीत ह्यांची हत्यारं पसरलीत. मी बघू बघू म्हणते आणि ती काठी आपटते.

तुझ्या साहेबांशी जरा जुळवून घे. आमचा लोभ आहेच, तो मोजायला टेप आणू नकोस.

तुझी,
ताई

*

दि. १९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना ‘एकाला एक लागून’ या शब्दांवर अडकलो तो अजून तिथेच आहे. दोन कोनाड्यांच्या मध्ये भिंत किती शिल्लक ठेवलीय? आणि वर आईची खोली आहे, त्या खोलीत लोखंडी कपाट आहे, हे भावोजींच्या लक्षात आहे ना?

मी उगाच भुई धोपटत नाही. इथे रोज हेच करतो म्हणून सांगतो. आमची खाण उघडी. वरचा खडक काढत काढत आम्ही खाली गेलो, आणि शेवटी एक उंच उभी भिंत राहिली. तिच्या तळाशी कोळशाचा थर आहे, पण वरचा खडक आता इतका जाड की तो हटवणं परवडत नाही. म्हणून एक लांबलचक यंत्र त्या थरात सरळ घुसवायचं, कोळसा कोरत आत न्यायचं, बाहेर काढायचं, बाजूला सरकवून पुन्हा घुसवायचं. आत माणूस जात नाही. यंत्र चालवणारा ड्रायव्हर बाहेर केबिनमध्ये पडद्याकडे बघत बसतो. पण ती केबिन असते त्याच भिंतीच्या पायथ्याशी.

दोन बोगद्यांच्या मध्ये कोळशाचा एक पट्टा न कापता ठेवतात, त्याला आम्ही खांब म्हणतो. वरचा सगळा डोंगर या खांबांच्या जिवावर उभा. खांब किती जाड ठेवायचा हे सांगणं माझं काम, आणि तो बारीक करा म्हणणं साहेबांचं. मागे सोडलेला कोळसा बघून त्यांना पोटात दुखतं. तू शिवणीत माया सोडतेस, ती काही कापड जड झालं म्हणून नाही. पण हे साहेबांना कोण सांगणार?

तर भिंतीला कुठे भेग आहे का बघ. असली तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने चिकटव. भिंत हलत असेल तर काच तडकेल, आणि तडकली तर आईला त्याच दिवशी खाली आण. माणसं काहीही सांगतात, काच खोटं बोलत नाही.

भावोजींना नमस्कार, आणि त्यांच्या छिन्नीला आठ दिवसांची रजा. माझ्यावरचा राग उतरला की लोभ करावा.

तुझा,
शंकोबा

*

दि. २८ जानेवारी

चि. शंकोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं ही माझी चूक झाली. मध्ये किती भिंत ठेवली असं विचारताच ह्यांनी पंजा पसरून दाखवला, आणि वर म्हणाले की लोक दुकानात कापड बघायला येतात, विटा बघायला नाही. म्हटलं, तुझे साहेब आणि हे एकाच शाळेत शिकले असणार.

भेग आहे. केसासारखी बारीक, कोनाड्याच्या कोपऱ्यातून निघून वर आईच्या पलंगाशेजारी गेलीय. खाली ह्यांनी लगेच पुट्टी भरून रंग मारला आणि आता दाखव भेग म्हणाले. त्यामुळे काच वर आईच्या खोलीत लावली. हे कशाला, असं आईने विचारलं. मी सांगितलं की ही तडकली तर तुला तडक खाली न्यायचं असं धाकट्याचं फर्मान आहे. तिने ते माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं. या वयातही तिला नवं शिकायची हौस आहे, हे पाहून बरं वाटलं.

एक विचारते, रागावू नकोस. तुमच्या त्या खांबातून साहेबांना चार बोटं दिली तर काय बिघडेल? डोंगर काही टेप घेऊन बसलेला नाही. नोकरी लागायला तुला किती चपला झिजवाव्या लागल्या ते मी पाहिलंय. ताठ राहिलास तर मोडशील, वाकलास तर निदान घरभाडं तरी भागेल.

आई आशीर्वाद सांगते. माझे वर लिहिलेच आहेत, पुरवून वापर.

तुझी,
ताई

*

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथे माझी अब्रू दोरीवर वाळत पडली आहे. अगदी खरोखरच्या दोरीवर.

आमच्या भिंतीच्या वरच्या कडेशी समांतर अशी एक भेग पडली. मी तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्यातलं अंतर रोज मोजू लागलो. अंतर वाढत चाललेलं दिसलं. मी यंत्र थांबवलं, बाहेर ओढून घेतलं, केबिन आणि माणसं भिंतीपासून लांब हलवली. साहेब कडाडले, पण नियमाने तो अधिकार माझा आहे. मग ते स्वतः भेग बघायला वर चढले, तर माझ्या दोन खुंट्यांना दोरी बांधून पहारेकऱ्याने ओल्या चादरी वाळत घातलेल्या. इतक्या छान खुंट्या रिकाम्या का पडल्यात असं त्याला वाटलं म्हणे. भेग म्हणशील तर मुकादमाने माती भरून सपाट केली होती, कारण मोठ्या साहेबांची भेट आहे आणि आवार नीटनेटकं हवं.

तेव्हापासून सगळी खाण हसते आहे. कॅन्टीनमध्ये मला बघून कुणीतरी चादर झटकतं. साहेबांचं म्हणणं असं की खुंट्या चादरींच्या ओझ्याने कलल्या, जमीन जागच्या जागी आहे. आणि खरं सांगू का ताई, मलाही आता छातीठोक सांगता येत नाही. चादरी की जमीन? रोज बंद राहिलेल्या कामाचं खापर माझ्या डोक्यावर आहे. मोठे साहेब महिनाअखेरीस येतात. ‘खांब सुरक्षित, काम सुरू करावे’ असा कागद तयार आहे, त्यावर मी सही करायची. नाही केली तर दुसरीकडे पोट भरायला मोकळा. चार बोटं द्यावीत हे तुझं म्हणणं मला पटू लागलंय. बहुतेक करून टाकेन.

यंत्राचा ड्रायव्हर तेवढा हसला नाही. आपण परत केबिनमध्ये बसायचं का, एवढंच त्याने विचारलं.

भित्र्या भावावर असेल तेवढा लोभ राहू द्यावा.

तुझा,
शंकोबा

*

दि. १७ फेब्रुवारी

चि. शंकोबास,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. तुझं पत्र आलं त्याच सकाळी आईने वरून हाक मारली. जाऊन पाहते तर काच मधोमध तडकलेली.

मी कुणाला विचारत बसले नाही. दुकानाला कुलूप लावलं, तागे शेजारी नेले, ह्यांची सगळी हत्यारं अंगणात काढली आणि आईला खाली मागच्या खोलीत आणलं. तीही भिंतीपासून दूर, खिडकीशी. हे म्हणाले की एका काचेसाठी ऐन हंगामात दुकान बंद ठेवणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मी म्हटलं, आता पाहून घ्या. तेव्हापासून आमचा अबोला आहे. गल्लीत लोक विचारतात की भिंत पडली का, आणि मी नाही म्हटलं की हसतात. आपण भावंडं एका माळेचे मणी झालो.

गेल्या पत्रात मी तुला वाकायला सांगितलं, ते मागे घेते. काच तडकली तेव्हा मला तुझा तो ड्रायव्हर आठवला. त्याचीही कुणी ताई असेलच. सही कर की नको, हे मी शिवणकाम करणारी बाई तुला काय सांगणार? पण तुझ्या शब्दावर मी आईला खाली आणलंय. तुझा शब्द तुलाच पुरत नसेल तर मला तसं कळव, म्हणजे मी तिला परत वर नेईन.

नोकरी गेली तर इथे काजं-बटणं करायला माणूस हवाच आहे.

तुझी,
ताई

*

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी सही केली नाही.

मोठे साहेब आले, कागद समोर ठेवला गेला, पेनाचं टोपण काढून झालं होतं. तुझं पत्र खिशात होतं. तू दुकान बंद करून बसलीस आणि मी माझाच शब्द फिरवतोय, याची मला इतकी लाज वाटली की मी टोपण परत लावलं. खांब सुरक्षित आहेत असं मला वाटत नाही, एवढंच बोललो. मोठे साहेब उठून गेले आणि आमच्या साहेबांनी मला बांधाबांध करायला सांगितलं.

मी ट्रंक भरत असताना आतून आवाज येऊ लागले. धप्प, धप्प, कुणी बंद खोलीत पोती टाकावीत तसे. आत खांब एकामागून एक चिरडत होते. मग वरची भेग उघडली, तिने खुंट्या, दोरी आणि चादरी गिळल्या, आणि भिंतीचा मोठा तुकडा खाली आला. केबिन जिथे असायची नेमका तिथे. खाली कुणी नव्हतं. पहारेकरी चहा प्यायला गेला होता. धूळ बसल्यावर ड्रायव्हर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, बराच वेळ. मला रडू आलं हे कुणाला सांगू नकोस.

आता साहेब सगळ्यांना सांगतात की काम थांबवायचा निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला. मी मान डोलावतो. ट्रंक उपसून झाली. पहारेकऱ्याने चादरींची भरपाई मागितली आहे आणि पुढच्या खांबाची जाडी कुणी विचारत नाही, मी सांगेन ती. काच खोटं बोलत नाही असं मी लिहिलं होतं, पण ते मला तुझ्या घरच्या काचेने शिकवलं. ती जपून ठेव.

तुझ्या लोभावर इथला अख्खा डोंगर तोललाय.

तुझा,
शंकोबा

*

दि. १३ मार्च

चि. धाकट्यास,
आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र ताईने तीन वेळा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा रडली. मीही रडले. तू आणि तो ड्रायव्हर सुखरूप आहात, यापुढे मला काही नको.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, ताई दुकानात असताना, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे. परवा गवंडी आला होता. त्याने भिंतीला टेकू दिला, मधला कोनाडा बुजवला आणि सांगितलं की भेग जुनी आहे, गिलाव्याची, भिंत जागची हलली नव्हती. मग काच कशी तडकली म्हणून ताईने त्याला धारेवर धरलं. तो बिचारा गप्प बसला. मी पण बसले.

काच माझ्या काठीने तडकली. पहिल्या दोन फटक्यांना दाद देईना, चांगली काच लावली होती. वर्षभर गुडघ्यांचं सांगत होते तर कुणी ऐकलं नाही. तुझ्या काचेचं सगळ्यांनी एका दिवसात ऐकलं. खालच्या खोलीत ऊन येतं, रस्ता दिसतो, आणि जावईबापू अबोला सुटल्यापासून स्वतः चहा आणून देतात.

ताईला यातलं कळू देऊ नकोस. तिने ती काच चौकटीत बसवून दुकानात टांगली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या भावाची काच म्हणून दाखवते. तूही मनाला लावून घेऊ नकोस. वर आहे तिला वेळेत खाली आणा, एवढंच काच सांगत होती, आणि ते खरंच होतं.

रजा काढून ये. लोभ किती आहे ते समोर बसून सांगेन. तुझी खुर्ची मी हलवून पाहिली आहे, पक्की आहे.

तुझी,
आई