उशिरा पोचलेल्यांची मोजदाद

आदरणीय वन्संना,

भावजयीचा वाकून नमस्कार. तुमच्या बंधूंचाही नमस्कार आहे, पण तो उभ्यानेच घ्यावा, कारण सध्या त्यांना वाकता येत नाही (कारण पुढे येईल, हसू येणार असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा). तुमचा गुडघा कसा आहे? नवा चष्मा लागला का? लागला नसेल तर हे पत्र लेकीकडून वाचून घ्या, पण तिला सावकाश वाचायला सांगा. ती बातम्या दिल्यासारखी भरभर वाचते, आणि यातलं एकेक वाक्य मी शिवणाचं मशीन बंद ठेवून, गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून लिहिलेलं आहे.

गेल्या पत्रात तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता विचारावं तसं, विचारलं होतंत की सूनबाई अजून तीच नोकरी करते का. करते. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, मुलगी लाख चांगली आहे, पण दिवसभर आजारी माणसं मोजत बसायचं हे काय काम झालं, वर्षभरात कंटाळून सोडेल. नऊ वर्षं झाली, वन्सं. (मी काही मनात ठेवलेलं नाही. फक्त लक्षात ठेवलंय.) इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, धोबीखान्याच्या वर तिचं कॅन्सर नोंदणीचं कार्यालय आहे. खोलीला कायम इस्त्रीचा वास. या भागात कुणाला नव्याने कॅन्सर निघाला की त्याची माहिती इस्पितळं, दवाखाने, प्रयोगशाळा तिथे पाठवतात, आणि कुठल्या वयात, कुठल्या वस्तीत किती जणांना झाला ते आमची सून मांडते. आता हे गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेता घेता कसं समजावणार? म्हणून मी सरळ सांगायची, "सून कॅन्सरमध्ये आहे." त्याचा परिणाम असा झाला की गल्लीतली पाववाल्याची बायको माझ्या गळ्यात पडून रडली, बाजारात लोक माझी पिशवी उचलू लागले, आणि एका गिऱ्हाइकाने तर शिलाईत घासाघीससुद्धा केली नाही. मला आपलं वाटत होतं की सुनेच्या हुद्द्याचा हा मान आहे. खरा प्रकार कळला तो सून स्वतः टुणटुणीत दुकानात आली आणि पाववाल्याच्या बायकोच्या हातातली बरणी पडून फुटली तेव्हा.

असो. मुख्य गोष्ट सांगते. नदीपलीकडे नवी वसाहत झालीय, तिथे सगळी तरुण जोडपी, मुलांच्या सायकली आणि गॅलरीत वाळणारे लंगोट. अलीकडे आमचं जुनं गाव, म्हणजे गुडघे, कवळ्या आणि दुपारची झोप. वसंताच्या सुमारास इथल्या वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं की लोकसंख्येच्या मानाने जुन्या गावात कॅन्सर नव्या वसाहतीच्या दुप्पट. झालं! सगळ्यांची पाचावर धारण बसली. न्हाव्याने जाहीर केलं की दोष पाण्याच्या टाकीचा आहे. का, तर म्हणे दाढीचा फेस पूर्वीसारखा येत नाही. त्याच आठवड्यात कृती समिती निघाली आणि अध्यक्ष कोण? तुमचे बंधू. निवृत्त झाल्यापासून ज्या माणसाला घरात रद्दीची दोरीसुद्धा कुणी विचारून कापत नव्हतं, तो खुर्चीवर उभा राहून भाषण करू लागला. "पाणी की विष?" असे फलक माझ्याच दुकानातल्या पुठ्ठ्यांवर रंगवले (पुठ्ठे परत मिळालेले नाहीत). एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण घरातलं पाणी वर्ज्य करून त्यांनी नदीपलीकडून सायकलवर डबे बांधून पाणी आणायला सुरुवात केली. दुसऱ्याच खेपेला पुलाच्या उतारावर डबे पुढे आणि बंधू मागे, असे सगळे एकदम खाली आले. कंबर धरली ती तेव्हाची. आणि गंमत म्हणजे सुनेने त्यांना डॉक्टरांकडून घरी आणताना सांगितलं की दोन्हीकडचं पाणी एकाच टाकीतून येतं.

त्या रात्रीच्या जेवणात मग आमच्याकडे सभाच भरली. सून म्हणाली, "बाबा, बागेत बाकांवर बसणाऱ्या तुमच्या मंडळींचे गुडघे आणि कॉलेजातल्या पोरांचे गुडघे यांची तुलना करायची आणि दोष चपलांना द्यायचा, असं झालंय हे." आपल्याकडे दहातली चार माणसं साठीच्या पुढची, पलीकडे दहात जेमतेम एक, आणि हा आजार वयाबरोबर वाढतो. म्हणून आधी वयाप्रमाणे गट पाडायचे, तरुणांची तरुणांशी आणि म्हाताऱ्यांची म्हाताऱ्यांशी गाठ घालायची, मग दोन्ही गावांत त्या त्या वयाची माणसं सारख्याच प्रमाणात आहेत असं धरून हिशेब मांडायचा. तसा तिने मांडला होता, आणि दुपटीचा फरक नावाला उरला होता. मला ते लगेच पटलं (एकीचा पंजाबी ड्रेस आणि दुसरीचं झबलं शिवून, कापड कुणी जास्त खाल्लं म्हणून भांडण्यात काय अर्थ आहे?). तुमचे बंधू मात्र फुगले. "म्हणजे आम्ही म्हातारे म्हणून आम्हाला होतो, असं तुझं म्हणणं?" असं म्हणत त्यांनी दुसरी पोळी नाकारली. समिती चालूच राहिली.

इथवर सगळं घरातलं होतं. पण महिन्याभरात नगराध्यक्षांनी गावसभा बोलावली आणि वेगळीच गोष्ट सांगितली. वर्तमानपत्राने नोंदणी कार्यालयाचे जे कागद वाचले होते तेच त्यांनीही वाचले, फक्त शेवटचं पान. दरवर्षी आपल्या सबंध भागात पाचशेच्या घरात नवे रुग्ण निघत, गेल्या वर्षी चारशेच; म्हणजे आमच्या कारकिर्दीत रोगाने माघार घेतली! सबब, बसस्थानकाजवळ जे मोफत तपासणी केंद्र आहे त्याची आता गरज उरली नाही, तिथे गाड्या लावायला जागा करू. टाळ्या पडल्या. हार तयारच होता. वन्सं, त्या केंद्रात आठवड्याला किती बायका जातात हे मला ठाऊक आहे, कारण अर्ध्या जणी परतताना माझ्या दुकानात टेकतात. कुणी हसत येतात, कुणी नुसतं पाणी मागतात. पाववाल्याच्या बायकोला छातीतली गाठ तिथेच लवकर सापडली होती. ऑपरेशन होऊन ती परत पाव विकायला उभीही राहिली. तिच्या शेजारी बसून मी हे ऐकत होते.

सुनेचे मोठे साहेब व्यासपीठावर होते, पण त्यांचा घसा बसला होता (खरोखर बसला होता की त्या दिवसापुरता, ते मी सांगू शकत नाही). आमची सून तिसऱ्या रांगेतून उठली. तुम्हाला माहीत आहे ना, ही मुलगी दुकानात सुटे पैसे मागतानासुद्धा लाजते. हातातला कागद तिने घडी घालून पर्समध्ये टाकला आणि बोलायला लागली. म्हणाली की गेल्या वर्षीची सगळी माहिती अजून आलेलीच नाही. काही प्रयोगशाळा महिन्यात कळवतात, काही वर्षाने, काही दोन वर्षांनी. मागच्या वर्षांचे कागद केव्हा केव्हा आले ते तिने तपासलंय. या टप्प्यापर्यंत शंभरातले ऐंशी येतात, वीस वाटेत असतात. तेव्हा आज दिसणाऱ्या चारशेंच्या मागे अंदाजे पाचशे माणसं आहेत. आजार कमी झालेला नाही.

नगराध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "म्हणजे जे रुग्ण कागदावर नाहीत, ते बाई तुम्ही मनाने वाढवताय?"

"वाढवत नाही, साहेब," सून म्हणाली. "जेवायला शंभर पाहुणे बोलावलेत आणि ऐंशी आलेत. उरलेले वीस रस्त्यात आहेत. तुम्ही त्यांची ताटं उचलायला निघालात."

मग ती पुढे म्हणाली की हा अंदाज आहे, थोडा इकडे किंवा थोडा तिकडे होऊ शकतो, नेमका आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि नेमक्या याच वाक्याला मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. (सून नंतर म्हणाली, आई, असल्या वाक्याला कुणीच टाळ्या वाजवत नाही. मी म्हटलं, मग इतके दिवस लोक चुकत होते.) त्यानंतर जे झालं ते मात्र मी लिहिते आहे म्हणून खरं माना. मागच्या बाजूने, कंबरेला पट्टा बांधलेले, काठी टेकत तुमचे बंधू उठले. मला वाटलं, आता पाण्याची टाकी निघणार! पण ते म्हणाले, "मी कृती समितीचा अध्यक्ष. या बाई माझ्या सूनबाई आहेत. यांनी माझ्या समितीचा मुद्दा घरात जेवणाच्या टेबलावर मोडला, तेव्हा मला राग आला. आज त्यांनी तुमचा हार मोडला, तर तुम्हालाही येईल. दोन दिवसांत उतरतो." लोक असे हसले की खुर्च्या हलल्या. मग म्हणाले, "पाण्याचं राहू द्या. आम्ही इथे म्हातारे जास्त आहोत, हे सूनबाईंनी मला सिद्ध करून दिलंय. तर ते केंद्र आमच्यासाठीच आहे. ते बंद होणार नाही." न्हाव्याने खिशातून खडू काढला, समितीने फलक उलटे केले, आणि "पाणी की विष?"च्या पाठीवर "केंद्र चालू ठेवा" असं लिहून सगळे भिंतीशी उभे राहिले. पाववाल्याची बायको तर बाकावर चढली आणि आपल्या ऑपरेशनची गोष्ट माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकवली.

हात वर करून मत घेतलं. केंद्र राहिलं, आणि आठवड्यातला एक दिवस वाढला. नगराध्यक्ष हुशार माणूस, शेवटी म्हणाले की हेच आमच्या मनात होतं, आणि तो हार त्यांनी सुनेच्या गळ्यात घातला. तिने तो घरी येईपर्यंत काढला नाही. मीच काढू दिला नाही. मुद्दाम लांबच्या रस्त्याने आलो. वर्तमानपत्राने दुपटीच्या बातमीची दुरुस्ती छापली, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. तुमच्या बंधूंनी ती कापून, भिंग जवळ ठेवून, काचेत लावली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला भिंग देतात. चिरंजीव म्हणतो बाबा आता आवरा, पण तोच परवा भाजीवाल्याला वयाप्रमाणे गट पाडून दाखवत होता.

लेकीला आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. – एक लहानसं काम आहे. आपला डॉक्टर भाचा आमच्या भागाच्या टोकाला प्रयोगशाळा चालवतो, त्याचा मला फार अभिमान आहे. पण त्याच्याकडून गेल्या वर्षभरात नोंदणीला एकही कागद आलेला नाही. सुनेने चार वेळा कळवलं, दर वेळी साहेब बाहेर आहेत असं उत्तर येतं. नातं सांगून काम करून घेणार नाही, असं ती म्हणते. मी काही नोंदणी कार्यालयात नोकरीला नाही. तुमचा फोन तो पहिल्या रिंगला उचलतो, तेव्हा जरा बोला. (हे आधीच लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. लिहिलं एवढ्यासाठीच, पण वरचं सगळंही लिहायचं होतंच.)

ता. ता. क. – सून आत्ताच आली, तिने खांद्यावरून वाचलं. म्हणते, भाच्याचे कागद आले की पाचशेचा अंदाज बदलेल, तेव्हा आकड्याखाली "तात्पुरता" असं लिहा. लिहिलं. ताटांचं वाक्यही खोडा म्हणाली, फार उद्धट वाटतं. ते मी खोडलेलं नाही.