ढगाळ दिवशीचं अंतर

१२ सप्टेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. लेक आणि बाळ दोघी सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. नातीचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय म्हणतेस, बिचारी! इकडे दाजी वेळेवर जेवतात. रोज येऊन भांडी मी घासतो, हसू नकोस.

जिन्यावरून घसरून हात मुरगळला, असं दाजींनी तुला फोनवर सांगितलंय. त्याबद्दल लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले.

आधी माझं सांगतो. डोळे तपासून घेतले. लांबची पाटी मी अजून बिनचष्म्याचा वाचतो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, लांबचं दिसतंय तुम्हाला. पण लांबच्या दोन वस्तूंत पुढची कुठली, मागची कुठली, ते नीट कळत नाही. वय वाढतं तसं काहींचं होतं."

मला ते नवीन नव्हतं. वर्षभर गोदीत क्रेनच्या केबिनमधून खाली पाहिलं की जहाज, मालाचा लोखंडी खोका, माणसं, सगळं एकाच कागदावर काढल्यासारखं दिसायचं. मी सावल्यांवर भागवत होतो. खोका आणि त्याची सावली एकमेकांना भिडली की टेकला म्हणायचं. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर त्याच दिवशी खाली उतरवलं असतं.

त्या मंगळवारी आभाळ भरून आलं होतं. सावलीच नव्हती. खालून इशारे द्यायला दाजी होते. मला ते खोक्याच्या पलीकडे, चांगले लांब दिसले. होते अगदी लागून. मी खोका त्यांच्याकडे सरकवला. 'थांब' म्हणून त्यांनी हात वर केला आणि तोच हात खांद्यापासून खोका आणि कठडा यांच्यामध्ये सापडला.

मुकादम धावत आला तर दाजीच म्हणाले, "चूक माझी. नको तिथे उभा राहिलो." ठपका त्यांच्यावर बसला. दवाखान्यात मला म्हणाले, "तिला कळवू नकोस, बाळंतिणीला टाकून धावत येईल. आणि तूही गप्प बस. तुझी नोकरी अजून बाकी आहे."

मी गप्प बसलो, ताई. वर तीन दिवस त्याच केबिनमध्ये चढलोही. काल मात्र साहेबांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. दाजींवरचा ठपका निघाला. मला आता क्रेनवर चढता येणार नाही. दाजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताट पुढे ठेवलं की मुकाट्याने जेवतात.

हात मुरगळलेला नाही. खांद्याचा चुरा झाला होता, ऑपरेशन करावं लागलं. तो हात आता वर जाणार नाही. डॉक्टरांना त्यांनी एकच विचारलं, "नातीला उचलून घेता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "बसून घ्या, मांडीवर."

तू येशील तेव्हा स्टेशनवर मी उभा असेन. काय बोलायचं ते तिथेच बोल, घरी त्यांच्यासमोर नको. माझं तोंड बघवणार नसेल तर तसं कळव, शेजाऱ्यांना पाठवतो.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझा धाकटा भाऊ