डालग्याखालचा डाव

नाथाभाऊ यांस,

नांदूरघाटहून बालमित्र सिदूचा रामराम. इकडं मी, रतनबाई आणि सतरा शेरडंमेंढरं खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? पुण्यात लेकाच्या सातव्या मजल्याची लिफ्ट चालू असते ना? दहा दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. (पोस्टातल्या बाईनं काळजीनं विचारलं, कोण वारलं म्हणून.)

तुझा राग कळतो मला. मोबाइलवरच्या लुडोत मी मधेच गायब होतो आणि तुझ्याकडं 'समोरचा खेळाडू पळाला' असं येतं. पण साठ वर्षांच्या दोस्तीनंतर तू मला पळपुटा म्हणालास, ते फार लागलं रे. म्हणून सगळी हकीकत कळवतो.

पहिल्यांदा नेट गेलं ते खंडेनवमीला. रतनबाईनं विळा, कुऱ्हाड आणि लोकरीची कातर धुऊन पाटावर मांडली, शेजारी नेटची पेटीही ठेवली (ती धुतली नाही, हे उपकारच) आणि सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता वाहून वर पळीभर पाणी शिंपडलं. पेटीचे दिवे तेव्हापासून लाल. कंपनीला फोन लावला तर म्हणाले, बंद करून चालू करा. मी नऊ वेळा केलं. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस आला, त्यानं पेटी पालथी करून झटकली, तर भोकांतून अक्षता गळायला लागल्या. "बाबा, पेटीची पूजा कावून केली?" म्हणाला. "कुऱ्हाडीला चालतंय, मग हिलाच काय धाड भरली?" असं रतनबाईनं उलट त्यालाच विचारलं. त्यानं नवी पेटी भिंतीवर उंच ठोकून दिली. आठच दिवसांत लंगड्या बोकडानं अंगणातली वायर चावली. मग वायर पाइपात घातली.

आपल्या लहानपणी बरं होतं. आमच्या अंगणातल्या फरशीवर कोळशानं घरं आखायची, फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे टाकायचे. अंधार पडून डाव अर्धा राहिला, तर सोंगट्या जागच्या जागी ठेवून वर कोंबड्यांचं डालगं पालथं घालायचं. डालग्याखाली डाव असला की दुसऱ्या दिवशी येणं भागच. एकदा तू अंगात ताप असताना घोंगडं पांघरून आला होतास. त्या मोबाइलला हे कुठलं कळायला? माणूस दिसेनासा झाला की लगेच पळाला म्हणतो. फार आठवण येते रे तुझी. राग सोड आणि फोन उचल.

तुझाच,
सिदू

ता.क. : रतनबाई म्हणते, खरं लिहा. तर वायर पाइपात घातल्यापासून नेट एकदाही गेलेलं नाही. त्यानंतर पाच वेळा बटण मीच बंद केलं. डाव पुरा झाला की तू नुसता अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस. डाव तुटला की मात्र फोन करून "कावून पळाला बे? हारायचं लई भ्याव वाटतंय व्हय?" असं सुरू करतोस, मग गुडघा, सून, आपली जुनी कुत्री, असा अर्धा तास बोलतोस. त्या अर्ध्या तासासाठी केलं. पाचव्यांदा जरा जास्तच झालं.

आणखी ता.क. : शेवटचा डाव होता तसाच अंगणातल्या फरशीवर मांडून वर डालगं घातलंय. कोंबड्या दहा दिवस आमच्या बाजेखाली झोपतात, तेव्हा रतनबाईच्या जिवासाठी तरी लवकर ये. पाळी तुझी आहे. एक पडला की तू जिंकतोस. मी पळणार नाही.